सर्वाधिक प्रभाव टाकणारे अमेरिकन संगीतकार : खप आणि पुरस्कार बाजूला ठेवून बोलूया

खर्जातला_सा (धागाकर्ता)

अमेरिकन संगीतात सर्वात प्रभावी कोण, हा प्रश्न निघाला की लगेच खपलेल्या रेकॉर्डींचे आणि ग्रॅमींचे आकडे पुढे येतात. त्यातून लोकप्रियता कळते, प्रभाव कळत नाही. या धाग्यापुरता एकच निकष धरूया. या माणसानंतर इतर वादकांच्या हातात, गळ्यात किंवा यंत्रात नेमकं काय बदललं? आणि ते बदललेलं रेकॉर्डवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

माझं मत लुई आर्मस्ट्राँग यांना. १९२२ साली ते न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला किंग ऑलिव्हर यांच्या बँडमध्ये आले. तेव्हाच्या बँडमध्ये कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन एकाच वेळी एकमेकांत गुंफून वाजत. एकाने पुढे येऊन विस्तार करायचा आणि बाकीच्यांनी त्याला साथ द्यायची, हा आज आपण गृहीत धरतो तो आराखडा तेव्हा पक्का नव्हता. १९२४ मध्ये ते न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसन यांच्या बँडमध्ये गेले. त्याच बँडमध्ये सॅक्सोफोनवर कोलमन हॉकिन्स होते. आर्मस्ट्राँग येण्याआधीचं आणि नंतरचं हॉकिन्स यांचं वादन लागोपाठ ऐका. आधी स्वर तुटक, ठोकल्यासारखे येतात. नंतर वाक्यं लांबतात आणि बीटच्या किंचित मागे रेलतात.

पुढे १९२५ ते १९२८ या काळात ओके कंपनीसाठी हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या त्यांच्या स्वतःच्या गटांच्या रेकॉर्डी झाल्या. एकच ऐकायची तर २८ जून १९२८ ची ‘वेस्ट एंड ब्लूज’. सुरुवातीची सुमारे १२ सेकंदं ट्रंपेट एकटा आहे, मागे ड्रम नाही, पियानो नाही, तरी लय चालू असल्याचं कळतं. शेवटच्या फेरीत वरचा बी फ्लॅट जवळजवळ चार बार (एक बार म्हणजे इथे चार बीटचा गट) धरून ठेवलाय आणि मग तो फोडत खाली उतरलेत. एका वादकाने एवढा अवकाश स्वतःकडे घेणं आणि तो पेलणं, जॅझमधला एकल विस्तार इथून उभा राहिला.

एक सूचना: ऑलिव्हर यांच्या बँडच्या १९२३ च्या रेकॉर्डी भोंग्यासमोर बसून घेतलेल्या आहेत, मायक्रोफोन नाही. मोठ्या ड्रमच्या ठोक्याने सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्स यांच्यासारखा ड्रमवादकही बहुतेक वेळ लाकडी ठोकळा वाजवतो. त्यावरून त्या बँडच्या तालाची पारख करू नये.

समेवर_या

निकष मान्य, उत्तर अमान्य. माझं मत गायक आणि बँडप्रमुख जेम्स ब्राउन. आर्मस्ट्राँग यांनी बदललं ते वाक्य. ब्राउन यांनी बदलली ती संपूर्ण बँडची रचना, आणि आज जगभर नाचण्यासाठी जे वाजतं ते त्या रचनेवर उभं आहे.

त्यांच्या आधी रिदम अँड ब्लूज आणि रॉक अँड रोलमध्ये जोर चारपैकी २ ऱ्या आणि ४ थ्या बीटवर असायचा. ब्राउन यांनी १९६५ च्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’पासून सगळ्यांना पहिल्या बीटवर आणून उतरवलं. आपल्याकडच्या कानाला हे लवकर कळतं, कारण सम म्हणजे काय ते आपल्याला सांगावं लागत नाही. फरक इतकाच की इथे आवर्तन अवघ्या एक किंवा दोन बारचं आहे आणि सम सतत येत राहते. मधल्या जागेत गिटार, बास, ब्रास, आवाज हे सगळे तालवाद्यासारखे वापरलेत. प्रत्येकाला छोटा तुकडा, आणि कोणाचाही तुकडा दुसऱ्याच्या जागेवर पडत नाही.

१९६७ चं ‘कोल्ड स्वेट’ घ्या. मुख्य भागात कॉर्ड बदलतच नाही म्हटलं तरी चालेल, मधल्या तुकड्यात तेवढी हलते. ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड. ‘१ आणि २ आणि ३ आणि ४ आणि’ असं मोजा. स्नेअरचा (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा) पहिला मोठा ठोका २ वर येतो. दुसरा ४ वर यायला हवा, तो तिथे येत नाही, त्यानंतरच्या ‘आणि’वर येतो. त्या रिकाम्या ४ मुळे पुढचा १ ओढला जातो. हे वाजवताना बहुतेकांचा हात सवयीने ४ वर पडतो आणि सगळी ओढ संपते. आधी फक्त बास ड्रम आणि स्नेअर सावकाश बसवा, हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) नंतर घाला.

पियानो_काळीपाच

दोघांच्याही मुद्द्यात एक अडचण आहे. ‘कोल्ड स्वेट’ची रचना ब्राउन यांच्या बरोबरीने सॅक्सोफोनवादक पी-वी एलिस यांची आहे, आणि त्यातल्या ब्रासच्या ओळीवर जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘सो व्हॉट’ची छाया असल्याचं एलिस यांनीच सांगितलंय. ठेका स्टबलफील्ड यांचा. मग प्रभाव कोणाच्या नावावर मांडायचा? ज्याचं नाव लेबलवर, की ज्याचा हात?

खर्जातला_सा

@पियानो_काळीपाच, हात. पण तो हात त्या जागी बसवणारा कान कोणाचा हेही धरावं लागेल. स्टबलफील्ड यांचा ठेका इतर कुठल्या बँडमध्ये असा उघडा पडला असता का? ‘फंकी ड्रमर’मध्ये ब्राउन बाकीच्या वादकांना थांबवून ड्रमला मोकळं सोडतात. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटीला हे ध्वनिमुद्रण झालं. आठ बार, मिनिटाला सुमारे १०० बीटच्या लयीत, म्हणजे जेमतेम १९–२० सेकंद. थांबवायचा निर्णय ब्राउन यांचा, आतलं सगळं स्टबलफील्ड यांचं. रचनेच्या श्रेयात मात्र स्टबलफील्ड यांचं नाव नाही आणि पुढे शेकडो गाण्यांत तो तुकडा वापरला गेला, त्याचा हक्काचा वाटा त्यांना मिळाला नाही. हा अन्याय आहे आणि प्रभावाची चर्चा करताना तो नोंदवलाच पाहिजे.

कॅसेटची_बी_बाजू

एल्व्हिस आणि डिलन यांची नावं अजून कोणीच घेतली नाहीत?

टेपहेड_ठाणे

एल्व्हिस यांचा गळा मोठा, पण या धाग्याच्या निकषावर मी त्यांच्या सन स्टुडिओतल्या आवाजाकडे बघेन, आणि तिथला प्रभाव स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांच्या टेप मशीनचा आहे. त्याच्याही आधी ज्यांनी टेपला वाद्य बनवलं ते गिटारवादक लेस पॉल. माझं मत त्यांना, आणि कारण जरा सविस्तर सांगतो.

१९४८ च्या ‘लव्हर’मध्ये त्यांनी स्वतःच्या गिटारचे अनेक थर एकावर एक चढवले, तेही टेपवर नव्हे, तबकड्यांवर. एक तबकडी वाजवायची, तिच्या साथीला नवा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचं. काही भाग निम्म्या वेगाने मुद्रित केले, म्हणजे पूर्ण वेगाला ते एक सप्तक वर आणि दुप्पट जलद ऐकू येतात.

पुढे त्यांना अँपेक्स कंपनीचं टेप मशीन मिळालं. साध्या मशीनमध्ये हेडांचा क्रम आधी पुसणारं, मग मुद्रित करणारं, मग ऐकवणारं असा असतो. पॉल यांनी पुसणाऱ्या हेडच्या आधी ऐकवणारं आणखी एक हेड बसवून घेतलं. जुना आवाज पुसला जाण्याआधीच उचलला जातो, नव्या वादनात मिसळतो आणि त्याच टेपवर पुन्हा लिहिला जातो. एका मशीनवर थरांवर थर.

यात धोका काय? जुना थर पुसला गेलेला असतो. दहाव्या थराला चूक झाली तर मागचे नऊही गेले, पहिल्यापासून सुरुवात. दुसरं म्हणजे प्रत्येक फेरीत पहिल्या थराची आणखी एक नक्कल होते, वरची धार बोथट होते आणि टेपची सरसर वाढते. म्हणून कमी महत्त्वाचे भाग आधी घ्यायचे, मुख्य गिटार आणि त्यांच्या पत्नी, गायिका मेरी फोर्ड यांचा मुख्य आवाज सगळ्यात शेवटी. १९५१ चं ‘हाउ हाय द मून’ या पद्धतीने झालंय आणि ते ९ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

१९५७ मध्ये अँपेक्सने त्यांच्यासाठी आठ ट्रॅकचं मशीन बनवलं. तिथला पेच वेगळा. ऐकवणारं हेड मुद्रित करणाऱ्या हेडच्या पुढे असतं. टेप सेकंदाला १५ इंच पळते आणि दोन हेडांत दीड इंच अंतर आहे असं धरा, की जुना ट्रॅक सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येणार आणि नवा भाग तेवढाच मागे पडणार. उपाय असा की जुने ट्रॅक ऐकण्यासाठीही मुद्रित करणारंच हेड वापरायचं. आज फोनवरच्या ॲपमध्ये कोणी आधी ताल आणि मग आवाज मुद्रित करतो तेव्हा तो हेच करत असतो.

आणि हाच दोन हेडांमधला उशीर मुद्दाम मूळ आवाजात मिसळला की एल्व्हिस यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींवरचा तो एकदाच परत येणारा प्रतिध्वनी मिळतो.

समेवर_या

टेपहेड, प्रतिसाद फार आवडला. पण हा ध्वनिमुद्रणावरचा प्रभाव झाला. संगीतावरचा म्हणाल का?

टेपहेड_ठाणे

नक्कीच. आधी सगळे एकत्र वाजवायचे आणि यंत्र टिपायचं. नंतर एकटा माणूस जे कधीच एका वेळी वाजू शकलं नसतं ते रचू लागला. रचना करण्याची जागाच बदलली.

सहातारी

गिटारवर दोन नावं राहिली.

चक बेरी. त्यांचा डाव्या हाताचा तो चालता ठेका म्हणजे पियानोच्या बूगी-वूगीतल्या डाव्या हाताची गिटारवर आणलेली आवृत्ती. बेरी हे पियानोवादक जॉनी जॉन्सन यांच्या बँडमध्ये आले होते, त्यामुळे गाणीही बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा पियानो आणि ब्रासला सोयीच्या सुरांत आहेत, गिटारच्या उघड्या तारांच्या ई किंवा ए मध्ये नाहीत. ‘जॉनी बी. गुड’ (१९५८) बी फ्लॅटमध्ये आहे. सहाव्या तारेवर सहावा पडदा धरा, पाचव्या तारेवर आठवा आणि दहावा आलटून पालटून. सहा ते दहा हा ताण करंगळीला झेपत नाही म्हणून बरेच जण गाणं ए मध्ये उतरवून उघड्या तारेवर वाजवतात. मग तारा घुमत राहतात आणि बेरींचा कोरडा, आवरलेला आवाज येत नाही. अंगठा गळ्याच्या मागे मधोमध ठेवला आणि मनगट थोडं पुढे काढलं की करंगळी पोचते.

दुसरी चूक याहून मोठी. त्या रेकॉर्डवर बेरी आठ सरळ ठोके वाजवतात आणि ड्रमवादक मात्र झुलत्या, जॅझच्या चालीने वाजवतो. दोन्ही एकाच वेळी चालू आहेत. नकला करणारे बँड दोघांनाही सरळ करतात आणि ते घर्षण निघून जातं.

पण या गाण्याची प्रसिद्ध सुरुवात बेरींची स्वतःची नाही. लुई जॉर्डन यांच्या १९४६ च्या ‘एंट दॅट जस्ट लाइक अ वूमन’मध्ये गिटारवादक कार्ल होगन यांनी ती जवळजवळ तशीच वाजवली आहे. लागोपाठ ऐका.

आणि सिस्टर रोझेटा थार्प. १९४४ साली मुद्रित केलेलं त्यांचं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ ऐका. शब्द चर्चचे, मागे बूगी पियानो, पुढे इलेक्ट्रिक गिटार. रॉक अँड रोल हे नाव रूढ व्हायच्या बरंच आधी. १९६४ मध्ये मँचेस्टरला वापरात नसलेल्या एका रेल्वे स्टेशनच्या फलाटावर त्यांनी दूरचित्रवाणीसाठी कार्यक्रम केला, त्याचं चित्रण उपलब्ध आहे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना जागा मिळाली २०१८ मध्ये, मृत्यूनंतर ४५ वर्षांनी. इतका उशीर अक्षम्य आहे.

मांडवी_किनारा

खर्जातला_सा यांच्या पारड्यात थोडं वजन टाकतो, आपल्या इथलं.

शिकागोत १९२६ मध्ये अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदाने ज्या रेकॉर्डी केल्या त्यांत आर्मस्ट्राँग आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड दोघेही आहेत. हेच वेदरफोर्ड पुढे आशियात आले आणि मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. म्हणजे तो ताल ऐकायला मुंबईच्या वादकांना फक्त रेकॉर्डींवर अवलंबून राहावं लागलं नाही, प्रत्यक्ष माणूस समोर होता. त्याच काळात गोव्यातल्या हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ ट्रंपेटवर आर्मस्ट्राँग यांची शैली आत्मसात करून ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, त्यामुळे गोवेकर वादक कागद समोर आला की लगेच वाजवू शकत आणि मुंबईच्या सिनेसंगीताला नेमकं तेच हवं होतं.

चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर आणि हळदोण्याचे वाझ, या जोडीतून १९५१ च्या ‘अलबेला’चं संगीत आलं. पुढे १९५७ च्या ‘आशा’तल्या ‘ईना मीना डीका’मध्ये अर्थहीन अक्षरांचं जे गाणं आहे त्याचं मूळ १९२६ च्या ‘हीबी जीबीज’मध्ये आर्मस्ट्राँग यांनी लोकप्रिय केलेल्या स्कॅटपर्यंत जातं. इतक्या लांबवर एका ट्रंपेटची रेघ पोचलेली दिसते.

कॅसेटची_बी_बाजू

व्हॉयेजर यानावर १९७७ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी पाठवली तिच्यात अमेरिकेकडून आर्मस्ट्राँग, चक बेरी आणि ब्लाइंड विली जॉन्सन आहेत. हा पुरावा धरावा का?

मांडवी_किनारा

नाही. त्या निवडीचा हेतू पृथ्वीवरच्या संगीताचे नमुने देणं हा होता. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीतलं ‘जात कहाँ हो’. ती निवड अगदी योग्य आहे आणि केसरबाईंचा अधिकार वादातीत आहे, पण जयपूर गायकीवरचा त्यांचा प्रभाव मोजायचा तर नंतरच्या गायिकांची तान आणि आवाजाचा लगाव तपासावा लागेल. तबकडीवर असणं हा सन्मान झाला.

पियानो_काळीपाच

माइल्स डेव्हिस यांचं नाव माझ्यामुळेच आलं, तर पुरं करतो. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’पूर्वी बीबॉप या जलद जॅझ शैलीत बारमागे एक-दोन कॉर्ड बदलायच्या आणि वादक त्यांच्या मागे धावायचा. ‘सो व्हॉट’मध्ये १६ बार डी डोरियन, ८ बार ई फ्लॅट डोरियन, पुन्हा ८ बार डी. डोरियन म्हणजे सरळ काफी थाट, ग आणि नी कोमल.

हिंदुस्थानी शिकलेल्यांना हे सोपं वाटतं आणि तिथेच घात होतो. मधल्या ८ बारांत सा स्वतःच अर्ध्या स्वराने वर सरकतो, कोमल रेवर गेल्यासारखा. तानपुरा लावून सराव केलात तर तो भाग बेसूर होणार. दुसरं, एका फेरीचे शेवटचे ८ आणि पुढच्या फेरीचे पहिले १६ मिळून डी चे सलग २४ बार होतात, त्यात मोजणी हरवते आणि वर सरकायची जागा चुकते. आठ-आठचे गट बोटांवर मोजा.

भारतीय संगीताशी थेट नातं मात्र अमेरिकन रचनाकार टेरी रायली यांचं. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे ते शिष्य. रायली यांच्या १९६४ च्या ‘इन सी’मध्ये ५३ छोटे तुकडे आहेत, प्रत्येकाने ते क्रमाने वाजवायचे, पण कोणता तुकडा किती वेळा हे ज्याने त्याने ठरवायचं. एक जण वरचा सी सतत ठोकत राहतो, नाहीतर पंधरा-वीस वादकांत लय फुटते. बिघडतं ते एखादा घाईने खूप पुढे निघाला की, म्हणून दोन-तीन तुकड्यांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. रायली यांचा परिणाम ‘द हू’ या ब्रिटिश बँडवर झाला आणि त्यांच्या १९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावात रायली यांच्यासोबत जे बाबा आहेत ते पुण्यात जन्मलेले आणि नगरजवळ मेहेराबादला समाधी असलेले मेहेरबाबा.

समेवर_या

रायली यांच्याबद्दल सहमत, पण व्याप्तीत ब्राउन पुढे. हिप-हॉप घ्या. १९८७ चं एसपी-१२०० हे सँपलर, म्हणजे जुन्या रेकॉर्डींतले तुकडे उचलून पुन्हा वाजवणारं यंत्र, बघा. एकूण सँपलिंग १० सेकंद आणि एका तुकड्याला अडीच सेकंदांची मर्यादा. १०० च्या लयीत चार बीटचा एक बार म्हणजे २.४ सेकंद. ‘फंकी ड्रमर’चा एक बार त्यात जेमतेम मावतो. जागा वाचवण्यासाठी लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून सँपल करत आणि मग मशीनमध्ये तिचा वेग उतरवत. १० सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा ऐवज बसायचा. वेग उतरवताना १२ बिटांच्या मशीनमधून जो खरखरीतपणा येई, तोच पुढे त्या संगीताचा आवाज ठरला.

सहातारी

कंट्री संगीतातल्या कार्टर कुटुंबाच्या गिटारवादक मेबेल कार्टर यांच्याशिवाय यादी अपुरी राहील. ऑगस्ट १९२७, ब्रिस्टल, टेनेसी इथल्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डी ऐका. अंगठ्याने खालच्या स्वरांच्या तारांवर चाल, आणि मधल्या फटीत बोटांनी वरच्या तारांवर ताल. एकच गिटार दोन्ही कामं करते. त्याआधी अशा गाण्यांत गिटार बहुधा नुसती साथीला असे. सुरुवातीला बोटांचा झपका इतका जोरात पडतो की चाल बुडते. झपका निम्म्या जोराने, फक्त वरच्या तीन तारांवर द्या. कार्टर कुटुंबाची पुष्कळ गाणी गोळा करताना लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक सोबत होते आणि मेबेल त्यांच्याकडूनही शिकल्या. लेबलवर रिडल यांचं नाव नाही. स्टबलफील्ड यांचाच प्रश्न, चाळीस वर्षं आधीचा.

खर्जातला_सा

त्याच ओळीत जेम्स जेमर्सन. मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांचा बास त्यांचा, उजव्या हाताच्या एकाच बोटाने, गुळगुळीत गुंडाळीच्या जुन्या तारांवर वाजवलेला, आणि १९७१ पर्यंत रेकॉर्डवर नाव नाही. आर्मस्ट्राँग यांच्यावरचं माझं मत कायम आहे. पण ब्राउन आणि मोटाउनच्या बाबतीत मी मत देईन ते स्टबलफील्ड आणि जेमर्सन यांना.

कॅसेटची_बी_बाजू

शेवटचा प्रश्न. ‘फंकी ड्रमर’ ऑक्टापॅडवर किंवा संगणकावर बसवला की यांत्रिक का वाटतो?

समेवर_या

स्नेअरच्या मोठ्या ठोक्यांच्या मधे जे अगदी हलके ठोके आहेत ते बहुतेक जण गाळतात किंवा सगळ्यांना सारखाच जोर देतात. यंत्रातल्या ठोक्याच्या जोराच्या १२७ पर्यंतच्या मापात मोठा ठोका ११० ते १२०, हलके २५ ते ४०, आणि दोन हलकेही एकसारखे ठेवू नका. हाय-हॅटच्या सोळा ठोक्यांत बीटवरचे थोडे वर, मधले खाली, कारण मूळ वादनात ते एकाच हाताने आलेत आणि एका हाताला सोळाही सारखे पडत नाहीत. सगळं शंभर टक्के जाळीवर (संगणकाने आखलेल्या काटेकोर जागांवर) खेचू नका, बास ड्रम आणि मोठा स्नेअर तेवढे जागेवर बसवा. ऑक्टापॅड असेल तर आधी पॅडची संवेदनशीलता वाढवा, नाहीतर हलका ठोका यंत्राला लागतच नाही.